राणी पद्मावती आणि धाराशिवची लेणी



येडेश्वरीच्या डोंगराखाली आम्ही इतिहासावर बोलणार हे ऐकून आमच्या काही मित्रांना हसू आले. युनियनच्या वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्याने राजाराण्यांच्या भानगडीत कशाला पडावे, असे त्यांचे म्हणणे. परंतु ज्या राणीची हकिकत आम्ही सांगणार आहोत, तिचे मूल स्मशान राखणाऱ्याच्या झोपडीत वाढले. आणि त्या मुलाचे नाव आपल्या शेजारच्या धाराशिवच्या लेण्यांशी जोडलेले आहे. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

ही राणी म्हणजे चंपानगरीच्या दधिवाहन राजाची पत्नी पद्मावती. तिची कथा अकराव्या शतकात देवेंद्रगणींनी उत्तराध्ययन सूत्रावरील टीकेत सांगितली आहे. गरोदर राणीला हत्तीवरून फिरण्याचे डोहाळे लागले. हत्ती बिथरून रानात शिरला. राजाने वाटेतल्या वडाची फांदी धरून आपला जीव वाचविला. राणीला ते साधले नाही. हत्ती पाण्यात उतरला तेव्हा ती कशीबशी खाली आली आणि चालत दंतपुरास पोचली. तेथे तिने जैन साध्वींकडे दीक्षा घेतली, पण पोटातल्या मुलाची गोष्ट बोलली नाही. दिवस भरल्यावर मूल झाले. आपली मुद्रिका त्याच्यापाशी ठेवून आणि त्याला कांबळ्यात गुंडाळून तिने ते स्मशानात ठेवले, आणि कोण उचलतो हे ती आडून पाहत राहिली. स्मशान राखणाऱ्या चांडाळाने ते उचलून बायकोच्या ओटीत घातले. पुढे या साध्वीने त्या चांडाळणीशी मैत्री जोडली आणि भिक्षेत मिळालेले लाडू ती मुलाला नेऊन देई. शास्त्री लोक या कथेतून वैराग्य काढतात. आम्हांला मात्र तिच्यातले हे लाडू सर्वांत खरे वाटतात.

मुलाला खरजेचा त्रास होता. खेळात तो राजा होई आणि सवंगड्यांकडून कर म्हणून अंग खाजवून घेई. म्हणून त्याचे नाव करकंडू पडले. (याहून हलका कर घेणारा राजा आमच्या वाचनात नाही.) पुढे तो खरोखरच राजा झाला आणि एका गावाच्या देण्यावरून त्याचे व दधिवाहनाचे बिनसले. दधिवाहनाने त्याची जात काढली. करकंडूने चंपेला वेढा घातला.

त्या वेळी साध्वी पद्मावती पायी निघाली. आधी मुलाच्या छावणीत जाऊन तिने त्याला खरे सांगितले. त्याने पाळणाऱ्या आईबापांना विचारले, मुद्रिका पाहिली, तरी अभिमानापायी मागे हटेना. मग ती वेढा पडलेल्या नगरात गेली. राजाने विचारले, ते मूल कोठे आहे? तिने सांगितले की, ज्याने तुमचे नगर वेढले आहे तोच तो. लढाई तेथेच थांबली. राणी असती तर तिला अंतःपुराबाहेर पाऊल टाकता आले नसते. अंगावर साध्वीचे वस्त्र होते म्हणून दोन्ही बाजूंच्या पहारेकऱ्यांनी तिला वाट दिली.

हा इतिहास आहे काय? नाही, ही दंतकथा आहे. पण तिला आपल्या मातीत एक खुंटी आहे. त्याच शतकाच्या सुमारास मुनी कनकामर यांनी ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश काव्य रचले. डॉ. हिरालाल जैन यांनी ते १९३४ साली कारंजा ग्रंथमालेत छापले. त्यात करकंडू दक्षिणेच्या स्वारीवर असता तेरापुराजवळ मुक्काम करतो, त्याला डोंगरातले लेणे व पार्श्वनाथाची मूर्ती सापडते, आणि तो आणखी लेणी खोदवितो. तेरापूर म्हणजे आपले तेर, आणि लेणी धाराशिवची, असे जैनांनी दाखवून दिले. तेथील मोठ्या लेण्याचा मंडप सुमारे ८० फूट लांब व तितकाच रुंद आहे. ही लेणी पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासची, आधी बौद्धांची व नंतर जैनांची झालेली, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे करकंडूने ती खोदविली नाहीत. पाथरवटांनी खोदली, आणि नाव राजाचे झाले. हा हिशेब आमच्या ओळखीचा आहे.

राजघरातून मठात जाणाऱ्या स्त्रिया इतर देशांतही झाल्या. सहाव्या शतकात फ्रँक राजाची राणी रादगुंद हिने, नवऱ्याने तिच्या भावाला ठार करविल्यावर, घर सोडले व प्वातिए येथे स्त्रियांचा मठ स्थापिला. मठाधिकार मात्र आग्नेस नावाच्या दुसरीला दिला. आपल्याकडे तर याच दधिवाहनाची मुलगी म्हणून सांगितलेली चंदना कौशांबीच्या बाजारात दासी म्हणून विकली गेली, आणि पुढे महावीरांच्या साध्वीसंघाची प्रमुख झाली. कल्पसूत्र त्या संघातील साध्वींची संख्या ३६,००० आणि साधूंची १४,००० देते. आकड्यांवर विश्वास ठेवा वा न ठेवा, प्रमाण पाहण्यासारखे आहे.

पद्मावतीला असे पद मिळाल्याचे देवेंद्रगणी सांगत नाहीत. लढाई मिटल्यावर दधिवाहन मुलाला राज्य देऊन साधू होतो, आणि कथा करकंडूच्या गोठ्यात शिरते. तेथे त्याच्या लाडक्या बैलाचे म्हातारपण पाहून त्याला वैराग्य येते. बैल कसा थकला, हे कथेत सविस्तर आहे.