नवसाचे गाव आणि आगगाडीचे वेळापत्रक

यात्रा वाटेवर घडते, तशी ती घर सोडण्यापूर्वी कागदावरही घडते. यात्रेकरू दिवस मोजतो, मुक्काम ठरवतो, पैशांची जुळवाजुळव करतो, शेजाऱ्याच्या हाती किल्ली देतो आणि मगच उंबरा ओलांडतो. यात्रांच्या इतिहासात ह्या पूर्वतयारीला मात्र फारसे स्थान मिळत नाही. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे अशाच एका तयारीची हकीकत मांडीत आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनहून आल्प्स पर्वतातील ओबरामरगाऊ ह्या गावी आगगाडीने जाऊ इच्छिणाऱ्याला काय काय जुळवावे लागे, आणि त्या आगगाडीने त्या गावाला काय दिले, हे पाहणे आपणांस उद्बोधक ठरेल.

ओबरामरगाऊ हे जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील आमर नदीच्या खोऱ्यातले, लाकडी कोरीवकामासाठी प्रसिद्ध असलेले गाव. जवळच एटाल येथे १३३० मध्ये स्थापन झालेला बेनेडिक्टाइन मठ आहे. तीस वर्षांचे युद्ध चालू असताना १६३३ मध्ये ह्या गावात प्लेगने थैमान घातले. तेव्हा गावकऱ्यांनी नवस केला की, दर दहा वर्षांनी आम्ही प्रभू येशूच्या दुःखसहनाचे नाट्य सादर करू. त्यानंतर प्लेगने कोणी दगावले नाही, अशी गावाची परंपरा सांगते. १६३४ मध्ये पहिला प्रयोग झाला. १६८० पासून शून्याने संपणारे वर्ष हे नवसाचे वर्ष ठरले. पुढे १८४५ पासून गावचे धर्मगुरू असलेल्या योसेफ आलोइस डाइसेनबर्गर यांनी नाट्याची संहिता नव्याने घडवली. हे सारे डोंगराआडच्या एका गावाचे आपल्या देवाशी असलेले देणे होते. त्यात जगाचा वाटा नव्हता.

मग लोहमार्ग जवळ येऊ लागला. म्युनिकहून निघालेली आगगाडी १८७९ मध्ये मुरनाऊपर्यंत पोहोचली, म्हणजे १८८० च्या प्रयोगाच्या अगदी तोंडावर. तेथून पुढची वीसबावीस किलोमीटरची वाट घोडागाडीने किंवा पायी कापावी लागे. १८८९ मध्ये रूळ गार्मिशपर्यंत गेले. १८९० च्या प्रेक्षकांना ओबराऊ स्टेशनावर उतरून एटालचा अवघड चढ चढणे पुरेसे होऊ लागले. नवसाचे गाव अशा रीतीने युरोपच्या नकाशावर आले आणि लंडनच्या गृहस्थालाही तेथे जावेसे वाटू लागले.

पण जावे कसे? ह्या प्रवासाची आखणी शेवटापासून उलटी करावी लागे. प्रयोग मुख्यतः रविवारी होई. तो सकाळी आठ वाजता सुरू होई आणि दुपारी जेवणाची विश्रांती धरून सायंकाळी पाचच्या सुमारास संपे. म्हणजे शनिवारी सायंकाळी गावात हजर असणे भाग होते. त्यासाठी शनिवारी सकाळी म्युनिक सोडायचे आणि शुक्रवारपर्यंत म्युनिक गाठायचे. समुद्र ओलांडून ओस्टेंडला उतरायचे, मग ब्रुसेल्स, कोलोन, ऱ्हाइन नदीच्या काठाने माइन्झ आणि तेथून बव्हेरियात. हे सारे जमायचे तर लंडनचे घर बुधवारी किंवा गुरुवारी सोडावे लागे. हर्बेस्टाल ह्या सरहद्दीवरील स्टेशनात जर्मन जकात अधिकारी सामान उघडून पाहत. एखादी गाडी चुकली, तर पुढची सगळी साखळी तुटे. नवस केलेल्यांना रविवारचे आठ हे सोयीने बदलता येणारे नव्हते.

ह्याहून मोठी अडचण घड्याळाची होती. त्या काळी युरोपात सर्वांना समान अशी वेळ नव्हती. ब्रिटनमध्ये ग्रिनिचची वेळ चाले. ब्रुसेल्सचे घड्याळ तिच्यापुढे सुमारे सतरा मिनिटे, तर म्युनिकचे सुमारे सेहेचाळीस मिनिटे असे. प्रशियाच्या हद्दीत प्रवाशांच्या वेळापत्रकात त्या त्या स्टेशनाची स्थानिक वेळ दिलेली असे. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी तर पाच राज्यांच्या पाच वेळा एकाच पाण्याभोवती नांदत होत्या. त्यामुळे कागदावर तासाभराची वाटणारी उसंत प्रत्यक्षात किती मिनिटांची, हे गणित करूनच कळे. १८९१ मध्ये वृद्ध सेनानी मोल्टके यांनी जर्मन संसदेत एका वेळेचा आग्रह धरला, आणि १ एप्रिल १८९३ पासून साऱ्या जर्मनीत एकच वेळ लागू झाली. १९०० च्या प्रयोगाला येणाऱ्यांच्या डोक्यावरून एक ओझे उतरले ते असे.

ह्या गुंत्यातून वाट काढण्यासाठी प्रवाशाच्या हाती दोन पुस्तके असत. एक ब्रॅडशॉचे युरोप खंडाचे मार्गदर्शक, जे १८४७ पासून निघत होते. दुसरे थॉमस कुक कंपनीचे १८७३ पासूनचे वेळापत्रक. त्यांतील बारीक आकड्यांच्या रांगा वाचणे ही एक विद्याच होती. इंग्रज विनोदी लेखक जेरोम के. जेरोम १८९० मध्ये ओबरामरगाऊला गेले आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात त्यांनी ह्या वेळापत्रकांची मनमुराद थट्टा केली.

ज्यांना ती विद्या साधत नसे, त्यांच्यासाठी कुक कंपनी सारी व्यवस्था करून देई. थॉमस कुक हे बाप्टिस्ट पंथाचे धर्मप्रचारक. दारूबंदीच्या सभेसाठी १८४१ मध्ये त्यांनी लेस्टरहून लफबरोला लोकांना एका शिलिंगात आगगाडीने नेले, तेथे ह्या व्यवसायाचे बीज रुजले. १८६८ पासून त्यांच्या कंपनीने हॉटेलची कुपने काढली, म्हणजे परक्या भाषेत घासाघीस करण्याचे कारण उरले नाही. १८८० मध्ये ओबरामरगाऊच्या सहली ह्याच कंपनीने योजल्या. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, तिने आपल्या मुंबईतही कचेरी उघडली. कॅथलिक गावाचा नवस पाहायला प्रॉटेस्टंट इंग्लंडचे लोक एका बाप्टिस्ट माणसाने उभारलेल्या कंपनीच्या तिकिटावर निघाले, हे दृश्य धर्मपंथांतील त्या काळचे अंतर लक्षात घेता लहानसहान नव्हते.

गावाने पाहुण्यांना आपल्या घरांत उतरवले. रविवारी मंचावर उभा राहणारा माणूस शनिवारी रात्री पाहुण्याच्या पुढ्यात जेवणाचे ताट ठेवत असे. पैसा आला, आणि त्याबरोबर प्रश्नही आला: देवाला दिलेला शब्द आणि पाहुण्याकडून घेतलेले भाडे ही दोन्ही एका घरात कशी नांदावीत? १९०० मध्ये मुरनाऊहून थेट ओबरामरगाऊपर्यंत चोवीस किलोमीटरचा लोहमार्ग झाला, प्रेक्षागृहावर छप्पर चढले, १९०५ पासून त्या मार्गावर विजेची गाडी धावू लागली. प्रश्न अधिकच तीव्र झाला.

तथापि, पाहुणे केवळ पैसाच आणतात असे नाही. १९०० च्या प्रेक्षकांत अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे रब्बी जोसेफ क्राउसकोफ होते. आपल्या लोकांचे मंचावरील चित्रण पाहून ते व्यथित झाले. ते चित्रण इतिहासाला धरून नाही, हे त्यांनी १९०१ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. सज्जन डाइसेनबर्गर यांच्या संहितेतही साऱ्या यहुदी समाजावर प्रभूच्या मृत्यूचा दोष येत होता, आणि घरच्या माणसांना वर्षानुवर्षे ते खुपले नव्हते. दुर्दैवाने त्या पाहुण्याचे म्हणणे ऐकले गेले नाही. १९३४ च्या त्रिशताब्दी प्रयोगाला हिटलर येऊन बसला. त्यानंतरच्या दशकात युरोपच्या लोहमार्गांवरून लाखो यहुद्यांना मृत्यूच्या छावण्यांकडे नेण्यात आले. त्या गाड्यांचीही वेळापत्रके कोणीतरी नीट आखलेली होती.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये ‘नोस्त्रा एताते’ ह्या घोषणापत्राद्वारे स्पष्ट केले की, ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही. तरीही गावाला बदलायला वेळ लागला. १९९० पासून दिग्दर्शक असलेल्या क्रिस्तियान श्ट्युकल यांनी संहिता टप्प्याटप्प्याने सुधारली. ख्रिस्ताच्या रक्ताचा दोष यहुदी लोकांनी स्वतःवर ओढून घेतल्याचे जे आक्रोशाचे वाक्य मंचावर घुमत असे, ते २००० मध्ये वगळण्यात आले. मंचावरील येशू हा यहुदी मातेचा पुत्र म्हणून दिसू लागला. २०२० चा प्रयोग महामारीमुळे पुढे ढकलला गेला. प्लेगमुळे केलेल्या नवसाला साथीनेच अडवले. तो प्रयोग २०२२ मध्ये झाला, तेव्हा यहूदा इस्कार्योतची भूमिका करणाऱ्यांत एका मुस्लिम कुटुंबातला तरुण होता.

आता पुढील प्रयोग २०३० मध्ये अपेक्षित आहे. आज लंडनहून निघणारा प्रवासी समुद्राखालच्या बोगद्यातून, १९९४ पासून धावणाऱ्या गाडीने ब्रुसेल्सला किंवा पॅरिसला येतो. म्युनिकनंतर मुरनाऊला गाडी बदलावी लागते, ती मात्र आजही. २०२२ मध्ये प्रयोग दुपारी सुरू होऊन रात्री संपत असे, त्यामुळे मुक्काम आधीच ठरवणे अगत्याचे होते. कुक कंपनीने आपले वेळापत्रक छापणे २०१३ मध्ये थांबवले. ते पुढे दुसऱ्यांनी चालू ठेवले. आता मार्ग आणि तिकिटे क्षणात सापडतात. आपल्या धर्मग्रामांतूनही कोणी विमानाने म्युनिकला उतरून हा शेवटचा टप्पा आगगाडीने करील, तर आम्हांला आनंदच वाटेल.

अशा यात्रेकरूला आमचे एवढेच सांगणे आहे की, आखणी करताना डाइसेनबर्गरप्रमाणेच क्राउसकोफ यांचीही आठवण ठेवावी. एकाने नवस जपला, तर दुसऱ्याने दूरवरून येऊन त्या नवसातली उणीव दाखवली, आणि गावाला ती मान्य करायला शंभर वर्षे लागली. आगगाडी माणसाला दारापर्यंत आणून सोडते. दार उघडून त्याचे म्हणणे ऐकणे हे घरातल्यांचे काम असते.