‘केवळ जळणाच्या उपयोगाचे’: रक्तवर्णी शिरांच्या एका लाकडाची कथा

१७९० साली लंडनमध्ये जॉन व्हाइट या शल्यचिकित्सकाचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधून हद्दपार केलेल्या कैद्यांचा पहिला तांडा १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला, तेव्हा व्हाइट त्याचा मुख्य वैद्य होता. सिडनी परिसरातील तांबडा डिंक गाळणाऱ्या एका वृक्षाविषयी त्याने दोन गोष्टी नोंदवल्या. पहिली, खोडाला छेद दिल्यास एकाच झाडातून कधी कधी ६० गॅलनहून अधिक लाल रस मिळतो. दुसरी, हे लाकूड ठिसूळ व डिंकाने भरलेले असल्यामुळे जळणाखेरीज फारसे उपयोगाचे नाही.

आजचा धागा या दुसऱ्या वाक्याच्या दीर्घ आयुष्याविषयी आहे.

हा लाल रस युरोपीयांनी त्याआधीच पाहिला होता. १६८८ मध्ये विल्यम डॅम्पियर वायव्य किनाऱ्यावर उतरला, तेव्हा झाडांच्या गाठींतून व भेगांतून पाझरणारा डिंक पाहून त्याला औषधबाजारातील ‘ड्रॅगनचे रक्त’ आठवले. व्हाइटने तर तो रस आमांशाच्या रुग्णांना औषध म्हणून दिला. म्हणजे रस मौल्यवान, लाकूड मात्र टाकाऊ!

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या रसाला आपण सैलपणे राळ म्हणतो. परंतु शास्त्रीय दृष्ट्या तो राळही नव्हे आणि बाभळीसारखा डिंकही नव्हे. त्याला ‘किनो’ म्हणतात. तो टॅनिनसदृश द्रव्यांचा बनलेला असून अत्यंत तुरट असतो. आपल्या बिबळ्याच्या सालीला छेद दिला की ठिबकणारा लाल रस हा किनोच. ‘मलबार किनो’ या नावाने तो युरोपच्या औषधालयांत पोहोचला होता. बिबळ्याच्या लाकडाचे कातीव पेले अनेकांच्या घरी असतील. त्यात पाणी ठेवले की त्यावर निळसर झळाळी येते.

आता सिडनीहून सुमारे ३,३०० किलोमीटर पश्चिमेला जाऊ. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जारा, कारी आणि मॅरी हे तीन महावृक्ष वाढतात. तिन्ही नावे तेथील नूंगार लोकांच्या भाषेतून आलेली. मॅरी या शब्दाचा अर्थच ‘रक्त’ असा सांगितला जातो. नूंगार लोक या झाडाच्या किनोची भुकटी जखमेवर लावत आणि पोटाच्या विकारांवर तो पाण्यातून घेत.

१८२९ मध्ये येथे ब्रिटिश वसाहत झाली आणि पुढे लाकडाचा मोठा व्यापार उभा राहिला. जारा व कारीचे ठोकळे लंडनच्या रस्त्यांवर फरसबंदीसाठी बसवले गेले, जाराचे स्लीपर भारतीय रेल्वेमार्गांखाली आले. मॅरी मात्र या वैभवात मागे राहिला. कारण त्याच्या शिरा.

या शिरा कशा निर्माण होतात, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. वणवा, कीड किंवा आघात यांमुळे सालीखालचा वाढता थर दुखावतो. तेव्हा झाड त्या जागी विशिष्ट पेशींचा पट्टा तयार करते. त्या पेशी विरघळून पोकळ्या होतात आणि त्यांत किनो भरतो. पुढच्या वर्षांचे लाकूड त्यावर चढत जाते आणि जखमेचा तो पट्टा खोडात कायमचा गाडला जातो. अडचण अशी, की त्या पट्ट्यापाशी लाकडाचे थर एकमेकांना घट्ट धरून राहत नाहीत. लांब तुळई वा फळी कापली की ती तेथेच उकलते. स्लीपर मागणाऱ्या अभियंत्याने हा माल नाकारला, तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु वाडग्याला तुळईसारखा भार पेलायचा नसतो. फिकट मधाळ रंगाच्या लाकडातून काळसर लाल शीर गोलाईवर वळत जाते, आणि जे फळीत व्यंग होते ते येथे पाहणाऱ्याची नजर खिळवून ठेवते. काम मात्र सोपे नाही. लेथवर वेगाने फिरणारा ठोकळा शिरेपाशी फुटून उडू शकतो. म्हणून जाणता कातारी यंत्र चालू करताना बाजूला उभा राहतो आणि मधूनमधून थांबून भेगा तपासतो. वाळलेला किनो काचेसारखा ठिसूळ असल्याने पटाशीच्या धारेखाली त्याचे कण निखळतात. तेथे पातळ सरस मुरवावा लागतो. ओला किनो असेल तर हात, हत्यार, सगळेच लाल होते. स्पिरिटमधले पॉलिश लावावे, तर किनो त्यात विरघळून फिकट लाकडावर लाल ओघळ पसरतात. काही कारागीर पोकळ्या इपॉक्सीने भरून गुळगुळीत करतात. माझ्या मते त्या मोकळ्याच सोडलेल्या बऱ्या. वाडग्यात आमटी वाढायची असेल तर गोष्ट वेगळी!

ही दृष्टी व्यापाराला उशिरा आली. तोपर्यंत मॅरीसाठी दुसरीच वाट निघाली होती. कागदाच्या लगद्याला शिरांचे वावडे नसते, जखमी लाकडाचाही चुरा होतोच. १९७६ पासून बनबरी बंदरातून मॅरीच्या लाकडाच्या चिपा जहाजे भरभरून जपानला जाऊ लागल्या. विरोध इतका तीव्र होता की, त्याच वर्षी जुलैमध्ये दोघा आंदोलकांनी बंदरातील चिपा चढवणाऱ्या यंत्रणेत स्फोट घडवला. जीवितहानी झाली नाही. निर्यातही थांबली नाही. शतकानुशतके उभ्या असलेल्या झाडांचा कागद होत राहिला.

पुढे फर्निचर बनवणारे आणि कातारी याच शिरांसाठी मॅरी मागू लागले. लाकडाच्या प्रतवारीत ‘दोष’ या शब्दाऐवजी ‘फीचर’ हा शब्द आला. झाड तेच, शीर तीच.

२०२१ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने नैसर्गिक जंगलांतील व्यापारी वृक्षतोड थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२४ च्या आरंभापासून तो अमलात आला. आता मॅरीचा वाडगा कातायचा, तर वादळात उन्मळलेले झाड, शेतात वाळून उभे राहिलेले खोड किंवा जुन्या इमारतीतून निघालेली तुळई शोधावी लागते. व्हाइटने ज्याला जळण म्हटले, त्या जातीच्या लाकडाचा तुकडा आज कातारी चुलीपासून वाचवून ठेवतो.