यु. डी. कोलन यांचे चरित्र

माझ्या लहानपणी आमच्या घरात एक गृहस्थ राहत असत. त्यांचं नाव यु. डी. कोलन. मुक्काम गोदरेजचं कपाट, वरचा खण, आईच्या शालूच्या मागे. वर्षातून दोन-तीनदाच ते बाहेर पडत आणि ते बाहेर पडले, की घरात कुणाला तरी ताप आलाय असं समजावं. आई एका वाटीत पाणी घ्यायची, त्यात यु. डी. कोलन यांचे चार थेंब टाकायची, जुन्या मऊ धोतराची पट्टी त्यात भिजवून कपाळावर ठेवायची. गारेगार वाटायचं. शाळा बुडायची. असा उपयुक्त माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

हो, मी त्यांना माणूसच समजत होतो. आमच्या शेजारी व्ही. टी. कुळकर्णी होते, समोर पी. एन. देशमुख होते, तसे हे यु. डी. कोलन. असतील कुणी मोठे डॉक्टर, अशी माझी समजूत. पुढे कॉमर्सला गेलो, बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, तरी ही समजूत पूर्ण गेली नव्हती. कॉमर्सच्या अभ्यासक्रमात अशा गोष्टी दुरुस्त करण्याची सोय नाही.

मग एकदा कुणीतरी सांगितलं, की ते यु. डी. नव्हे, फ्रेंच शब्द आहे. लिहायचा ई, ए, यू आणि म्हणायचा नुसता 'ओ'. तीन अक्षरं खर्ची टाकून एक अक्षर पदरात! आमच्या बँकेत असा हिशेब मांडला तर मेमो मिळेल. 'ओ' म्हणजे पाणी. कोलन म्हणजे जर्मनीतलं कोलोन शहर. आणि त्या शहराचं नाव मूळ लॅटिन 'कोलोनिया'वरून आलेलं, म्हणजे वसाहत. रोमन लोकांनी इ. स. 50 मध्ये त्या गावाला वसाहतीचा दर्जा दिला. थोडक्यात, युडीकोलन म्हणजे शुद्ध मराठीत 'कॉलनीचं पाणी'. हे कळलं तेव्हा मी ज्या कॉलनीत राहत होतो तिथे नळ आठ दिवसांतून एकदा यायचा. तेव्हा कॉलनीचं पाणी बाटलीत भरून कपाटात कुलूपबंद ठेवायची वस्तू आहे, हे मला लगेच पटलं.

आता चरित्राकडे वळू. चरित्रनायकाचा जन्म इटालियन बापाच्या पोटी, जर्मन गावात, फ्रेंच नावाने झाला. बापाचं नाव जोव्हान्नी मारिया फारिना. जन्म 1685, गाव उत्तर इटलीतलं सांता मारिया मॅज्जोरे. भावाने 1709 साली कोलोनला दुकान टाकलं आणि पुढे दुकानाला नाव लाभलं ते ह्याचं. दुकानात रेशीम, लेस, केसांचे टोप असा शौकिनांचा माल असे. पण ह्या माणसाचं नाक विलक्षण होतं. त्या काळी युरोपात अत्तर म्हणजे कस्तुरी वगैरे जड वासांचा मामला. अंघोळीचा कंटाळा असलेल्या खंडाला तसा वास लागतोच. फारिनाने बर्गमॉट, लिंबू, संत्रं, नारिंगाची फुलं यांची तेलं शुद्ध स्पिरिटमध्ये अशी बेताने मिसळली, की वास आला आणि गेला, मागे नुसती प्रसन्नता उरली. आपल्या भावाला त्याने लिहिलं, की मला इटलीतल्या पावसानंतरच्या सकाळीची आठवण करून देणारा वास सापडलाय. परगावी नोकरीला असलेल्या माणसाला गावची आठवण येते तेव्हा आपण चिवडा मागवतो. ह्याने अत्तर केलं. आणि ज्या गावाने आसरा दिला त्याचं नाव त्याला देऊन टाकलं.

मला ह्या फारिना मंडळींबद्दल विशेष आदर वाटतो तो दुसऱ्याच कारणाने. त्यांनी 1709 पासूनच्या खातेवह्या आणि पत्रव्यवहार जपून ठेवला. तीनशे वर्षांचं दप्तर! आमच्याकडे गेल्या महिन्याचं व्हाउचर मागितलं तर सगळे एकमेकांकडे पाहतात.

वास नावारूपाला आला आणि मग जे व्हायचं ते झालं. नकला निघाल्या. नक्कल करायची म्हणजे बाटलीवर फारिनाचं नाव हवं. ट्रेडमार्कचा कायदा जर्मनीत 1874 पर्यंत नव्हताच. मग लोकांनी काय करावं? इटलीतून फारिना आडनावाची माणसं शोधून त्यांच्याकडून नाव वापरायचा हक्क विकत घेतला. विल्हेल्म म्युलहेन्स नावाच्या व्यापाऱ्याने 1803 साली अशाच एका फारिनाकडून नाव घेतलं. त्या फारिनाचा कोलोनच्या मूळ दुकानाशी काडीचा संबंध नव्हता. वीस वर्षं सह्या ताडून पाहणाऱ्या माणसाला ह्यातला थरार समजू शकतो. सही बरोबर आहे, नाव बरोबर आहे, फक्त माणूस तो नाही! कोर्टकचेऱ्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. शेवटी 1881 साली म्युलहेन्सच्या नातवाला ते उसनं नाव सोडावं लागलं. त्याने मग बाटलीवर चक्क घरनंबर घातला, 4711. फ्रेंच सैन्याने 1794 साली कोलोन घेतलं, त्याच सुमारास गावातल्या घरांवर ओळीने आकडे टाकले गेले, त्यात ह्यांच्या वाट्याला 4711 आला होता. नाव गेलं, नंबर राहिला. बँकेच्या गिऱ्हाइकाचं नेमकं हेच होतं. माणूस म्हणतो, "साहेब, मी अमुक अमुक." आम्ही म्हणतो, "ते असू द्या, खातेनंबर सांगा." ह्या गृहस्थाने नुसत्या खातेनंबरावर जगभर धंदा केला. निळ्या-सोनेरी लेबलाची ती बाटली आजही विकत मिळते, आणि कोलोनमधलं फारिनाचं मूळ दुकानही चालू आहे.

पण चरित्रातली खरी गंमत नेपोलियनपाशी आहे. नेपोलियन ह्या पाण्याचा इतका भोक्ता, की बुटात खोचायची लांबट बाटली त्याच्यासाठी खास केली होती असं सांगतात. त्या काळी युडीकोलन अंगाला लावत तसं पोटातही घेत. साखरेवर थेंब टाकून, वाइनमध्ये घालून. हे औषधच मानलं जाई, सगळ्या रोगांवर एक. मग 1810 साली नेपोलियनने फर्मान काढलं, की पोटात घ्यायच्या औषधांची गुप्त कृती सरकारला सांगितली पाहिजे. कारखानदार हादरले. त्यांनी रातोरात पवित्रा बदलला : छे छे, हे कसलं औषध? हे तर नुसतं अंगाला लावायचं अत्तर!

अशा रीतीने युरोपात युडीकोलनचं औषधपण कायद्याने संपलं. आणि तिथून हजारो मैलांवर, वऱ्हाडातल्या आमच्या घरात, ते गुण्यागोविंदाने औषध म्हणून नांदत होतं. नेपोलियनचं फर्मान बुलढाणा जिल्ह्यात पोचलंच नाही. आश्चर्य नाही, आमच्याकडे मंत्रालयाचंही वेळेवर पोचत नाही.

इकडे ते आलं कसं? साहेबाच्या ट्रंकेतून आलं असणार. खामगाव म्हणजे कापसाची मोठी पेठ. जलंबहून खामगावचा रेल्वेफाटा 1870 साली सुरू झाला तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. कापूस गेला, साहेब आले. आमच्या जिल्ह्याचे मुळात दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. साहेबाने जिल्ह्याचं ठाणं घाटावर, बुलढाण्याच्या गार हवेत नेलं आणि घाटाखालचा मे महिना आम्हाला ठेवला. त्या उन्हात वाळ्याच्या ताट्या आणि हे कोलनवॉटर, एवढाच आधार. पुढे टाटांच्या ऑइल मिलने देशी युडीकोलन काढलं आणि ते मध्यमवर्गाच्या कपाटात शिरलं. (ती कंपनी 1993 साली हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली.)

अत्तर काय आपल्याला नवीन होतं? लग्नात हिना, केवडा, मोगरा. दारात खामगावच्या चांदीची गुलाबदाणी घेऊन उभी असलेली मामी. पण ते अत्तर समारंभाचं, मिरवायचं. युडीकोलन कधी कुणी लग्नाला लावून गेलं नाही. एसटीच्या लाल डब्यातून राजूर घाट चढताना पोटात ढवळायला लागलं, की आईच्या रुमालातून ते यायचं. आमचा चरित्रनायक सुखाचा सोबती नव्हताच. तुर्कस्तानात मात्र ह्याचं गुलाबदाणीसारखं झालंय. पाहुणा आला की त्याच्या हातावर आधी 'कोलोन्या' शिंपडतात. 2020 मध्ये करोना आला तेव्हा त्यांनी हात धुवायला हेच काढलं आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. त्यात मुख्य ऐवज स्पिरिट, ते कामाला आलं.

त्याच सुमारास कन्येला ताप भरला. मी मेडिकलमध्ये जाऊन युडीकोलन मागितलं. दुकानदार गालात हसला. "काहून शोधता बाप्पा ते? सॅनिटायझर घ्या ना, दोन्ही एकच." डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "पट्ट्या साध्या पाण्याच्या ठेवा, कोमट असलं तरी चालेल. स्पिरिटचं पाणी लहान मुलांना नकोच, ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं." म्हणजे आईचे ते चार थेंब औषध म्हणून निकामी होते. गारवा पाण्याचा होता आणि स्पिरिट उडताना थोडी उष्णता घेऊन जायचं, एवढंच. दोनशे वर्षांनी का होईना, नेपोलियनचं फर्मान आमच्या घरी बजावलं गेलं.

मी साध्या पाण्याची पट्टी ठेवत बसलो आणि मला एक एकतीस मार्च आठवला. कोअर बँकिंग नुकतंच आलं होतं, क्लोजिंग जुळत नव्हतं. सकाळी निघताना आई म्हणाली होती, "अंग जरा कसकसतंय." मी म्हणालो, "गोळी घे, आज मला वेळ नाही." रात्री एकला घरी आलो. बायको माहेरी. आई एकटीच झोपलेली, उशाशी वाटी, तिनेच चार थेंब टाकलेले, कपाळावर पट्टी वाळून कडक झालेली. जन्मभर दुसऱ्यांच्या कपाळावर तिने पट्ट्या ठेवल्या. तिच्या कपाळावर ठेवायला त्या रात्री कुणी नव्हतं. मी पट्टी भिजवली, घडी नीट जमेना, पाणी तिच्या कानात गेलं. तिने डोळे उघडले आणि विचारलं, "जेवलास का?"

त्या वर्षीचा ताळेबंद पैशापैशाला जुळला होता. मॅनेजरसाहेबांनी पाठ थोपटली होती.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. कपाट तेच आहे, वरच्या खणात ती बाटलीही आहे. आत थेंब नाही. झाकण उघडलं तर वास येतो की येतोय असं वाटतं, हे मला नक्की सांगता येणार नाही. बायको म्हणते, "रिकामी बाटली कशाला ठेवलीत? भंगारात द्या." बायकोचं कॉमर्स झालेलं नाही, त्यामुळे तिला समजावणं कठीण. हिशेबशास्त्रात एक पद्धत आहे. घसारा कापून कापून एखाद्या वस्तूची किंमत पार संपली, तरी ती जागेवर असली तर वहीतून काढून टाकत नाहीत. तिच्यापुढे एक रुपया लिहून ठेवतात. ती वस्तू आपल्याकडे आहे ह्याची नोंद राहावी, म्हणून.

श्री. यु. डी. कोलन, शिल्लक रुपये एक.