जुनी जर्मन दुर्बीण घ्यायची? आधी फोनचा टॉर्च लावून आत बघा

दोन वर्षं वापरलेला फोन विकायला काढला की काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बॅटरी हेल्थ किती, अपडेट कधीपर्यंत येणार, बॉक्स आहे का, आणि शेवटी किंमत निम्म्यावर. पक्षी बघायच्या चांगल्या दुर्बिणीचं गणित असं चालत नाही. तिच्यात बॅटरी नाही, प्रोसेसर नाही, अपडेट बंद होण्याचा प्रश्नच नाही. १९९० च्या आसपास जर्मनीत बनलेली आणि नीट ठेवलेली झाइस दुर्बीण आजही खंड्याचा निळा रंग पहिल्या दिवसाइतकाच दाखवते, आणि तिच्यासाठी आजही काही शेकडा युरो मोजणारे लोक आहेत.

पण 'नीट ठेवलेली' हा शब्द इथे फार महाग आहे. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन दुर्बिणी घ्या. एक पूर्ण किमतीला जाते, दुसरी निम्म्या किमतीतही कुणी घेत नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसू शकतात. उलट जिचं रबर घासलेलं आहे तीच चांगली निघते, असंही होतं. खरी झीज आत असते, आणि ती तपासायला लागणारं सगळ्यात उपयोगी उपकरण तुमच्या खिशातच आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रविवारी पाषाण नाहीतर कवडीपाट ठरलेलं असतं. ग्रुपमध्ये कुणाला जुनी दुर्बीण सापडली की ती बघायला माझ्याकडे येते, म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतोय.

अंगावरची अक्षरं म्हणजे स्पेसिफिकेशन शीट

७×४२ म्हणजे सातपट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. ४२ ला ७ ने भागलं की ६ येतात. डोळ्याकडच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा हा व्यास. ८×३० मध्ये तो ३.७५ असतो. पहाटे आणि संध्याकाळी झाडीत बघताना हा फरक जाणवतो.

झाइसच्या प्रसिद्ध डायालिट ७×४२ वर 'बी', 'जीए', 'टी*' आणि 'पी' अशी अक्षरं दिसतात. 'बी' म्हणजे ब्रिले, जर्मनमध्ये चष्मा. ही दुर्बीण चष्मा लावूनही वापरता येते. 'जीए' म्हणजे रबराचं आवरण. 'टी*' म्हणजे भिंगांवरचं अनेक थरांचं कोटिंग. आणि 'पी' म्हणजे फेज कोटिंग. किमतीत सगळ्यात मोठा फरक हेच शेवटचं अक्षर पाडतं.

ते का, हे थोडं खोलात. सरळ नळीच्या दुर्बिणीत 'रूफ' प्रिझम असतं. त्याच्या कौलासारख्या कडेवर प्रकाशाचे दोन भाग होतात आणि पुढे ते परत एकत्र येतात. एकत्र येताना दोघांची लय थोडी चुकलेली असते, त्यामुळे बारीक तपशील आणि कॉन्ट्रास्ट मरतो. झाइसने १९८८ मध्ये यावर उपाय म्हणून प्रिझमवर खास थर द्यायला सुरुवात केली. म्हणून त्याआधीची रूफ प्रिझमची दुर्बीण, मग ती कितीही कोरी असो, नंतरच्या दुर्बिणीपेक्षा मऊ चित्र दाखवते. ही झीज नाही, जन्मापासूनची मर्यादा आहे. कितीही सर्व्हिसिंग केलं तरी ती जात नाही.

जुन्या पद्धतीच्या, खांद्यातून रुंद असलेल्या दुर्बिणींमध्ये 'पोरो' प्रिझम असतं. इटलीच्या इग्नात्सिओ पोरोने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. त्यात हा फेजचा घोळ होतच नाही. म्हणूनच पूर्व जर्मनीतली साधी येनोप्टेम ८×३० आजही किमतीच्या मानाने आश्चर्य वाटावं इतकी स्वच्छ दिसते. चष्मा लावणाऱ्यांना मात्र ती सहसा जमत नाही. डोळा भिंगाच्या फार जवळ न्यावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसचे दोन भाग झाले. पश्चिमेचा भाग ओबरकोखेनला आणि पूर्वेचा जुन्या येना शहरात. दोघांची मॉडेल्स वेगळी आणि आजच्या किमतीही वेगळ्या, त्यामुळे नुसतं 'झाइस आहे' या विक्रेत्याच्या वाक्याला अर्थ नाही. येनाच्या नावाने नकली दुर्बिणीही भरपूर फिरतात. आणि भिंगं लालभडक चमकणारी, हिल स्टेशनच्या टपरीवर मिळते तशी दुर्बीण असेल, तर तिच्यावर कुठलंही नाव असो, हात जोडून पुढे चला.

स्वारोव्स्कीचं वय काढणं सोपं आहे. सीरियल नंबरच्या अक्षरानंतरच्या पहिल्या दोन आकड्यांत ३० मिळवायचे. ६१ असेल तर ९१, म्हणजे १९९१. पुढचे दोन आकडे त्या वर्षातला आठवडा. विक्रेता 'दोन-चार वर्षं जुनी' म्हणत असेल तर ही बेरीज त्याच्यासमोरच करा.

टॉर्च टेस्ट

आता मुख्य काम. खोलीत थोडा अंधार करा. फोनचा टॉर्च पुढच्या मोठ्या भिंगातून तिरका आत टाका आणि डोळ्याकडच्या बाजूने, थोडं अंतर ठेवून, आत बघा. प्रकाश सरळ डोळ्यात येऊ देऊ नका. मग उलट बाजूनेही करा.

पहिल्यांदा बघणारा हमखास घाबरतो, कारण धुळीचा प्रत्येक कण ताऱ्यासारखा चमकतो. धूळ सोडून द्या. जुन्या दुर्बिणीत ती असतेच आणि चित्रावर तिचा परिणाम जवळजवळ शून्य. शोधायच्या गोष्टी तीन.

कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेले धागे म्हणजे बुरशी. ती नुसती बसलेली नसते, तिच्यातून निघणारं आम्ल कोटिंग आणि नंतर काचही खातं. लवकर सापडली तर पुसली जाते. उशीर झाला तर बुरशी जाते पण तिचा ठसा राहतो.

दुधट पडदा म्हणजे हेझ. बऱ्याचदा आतलं जुनं ग्रीस वर्षानुवर्षं वाफ होऊन प्रिझमवर बसलेलं असतं. हे साफ होऊ शकतं, पण दुर्बीण उघडावी लागते.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. भिंगाच्या कडेला इंद्रधनुषी पट्टे किंवा पिवळट डाग. दोन भिंगं एकमेकांना चिकटवलेली असतात, तो चिकटा सुटत चाललाय असा याचा अर्थ. याची दुरुस्ती सहसा दुर्बिणीच्या किमतीलाच भिडते. मी अशी दुर्बीण फुकट मिळाली तरच घेईन.

टॉर्च हातात आहेच तर कोटिंगही बघा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात पाडा. एका थराचं जुनं कोटिंग निळसर-जांभळं दिसतं, अनेक थरांचं हिरवट-गुलाबी आणि गडद. पांढरं फटक प्रतिबिंब दिसलं तर तिथे कोटिंग नाही किंवा कुणीतरी घासून उडवलंय. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परत जातो, आणि दुर्बिणीत असे दहा-बारा पृष्ठभाग असतात. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये या कोटिंगचं तंत्र काढलं, ते याच हिशोबापायी.

दोन नळ्या, एक चित्र

दुर्बीण एकदा पडली की प्रिझम जागचं हलतं आणि दोन्ही नळ्या समांतर राहत नाहीत. गंमत अशी की तुमचा मेंदू ही चूक स्वतःच दुरुस्त करायला बघतो. दुकानात दोन मिनिटं सगळं ठीक वाटतं आणि अर्ध्या तासाने डोकं धरतं.

म्हणून लांबच्या इमारतीची गच्चीची कड किंवा विजेची तार अशी आडवी रेष पकडा. रेष दिसत असतानाच दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर लांब न्या. दोन गोल वेगळे दिसू लागतील. दोन्हीत ती रेष एकाच उंचीवर हवी. वर-खाली असेल तर घेऊ नका. डावी-उजवीकडची थोडी चूक डोळा सहन करतो, वर-खालीची अजिबात नाही.

हीच चाचणी बिजागरी पूर्ण मिटून आणि पूर्ण उघडून परत करा. स्वस्तातला दुरुस्तीवाला एकाच रुंदीला नळ्या जुळवून देतो. तुमच्या डोळ्यांचं अंतर वेगळं असलं की चूक परत हजर.

आणखी एक, अगदी झटपट. दुर्बीण आकाशाकडे धरा, सूर्याकडे चुकूनही नाही, आणि फूटभर अंतरावरून डोळ्याकडच्या भिंगातले प्रकाशाचे ठिपके बघा. दोन्ही गोल आणि सारखे हवेत. एकाचीच कड कापलेली असेल तर आत काहीतरी सरकलंय.

बाकी यांत्रिक गोष्टी पटकन. फोकसचं चाक जड असेल तर ग्रीस सुकलंय, येनाच्या दुर्बिणींत हे नेहमीचं आणि दुरुस्त होणारं. चाक फिरवताना करकर आली तर वाळू. स्क्रूच्या खाचा खरचटलेल्या दिसल्या तर कुणीतरी आधी उघडलेली आहे, मग नळ्यांची चाचणी दुप्पट काळजीने. रबरावर पांढरी पावडर, आयकपला भेगा, रंग उडालेला, या सगळ्यावर फक्त घासाघीस करायची.

पावसाळा हा खरा शत्रू

यातल्या बहुतेक क्लासिक दुर्बिणी युरोपच्या हवेसाठी बनल्या. नायट्रोजन भरून सीलबंद करायची पद्धत सर्रास झाली ती नंतर. येनोप्टेम सीलबंद नाही, पक्षीवाल्यांची लाडकी निकॉनची एसई ८×३२ सुद्धा नाही. मुंबई, कोकण, गोव्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि बुरशीला ६५-७० टक्के पुरतात.

उपाय महाग नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात भरपूर सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० मध्ये ठेवायचा. बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. रंग बदलणारं जेल घ्या, रंग बदलला की गरम करून परत वापरा. फोन भिजल्यावर काही जण तांदळात ठेवतात तसं इथे करू नका, तांदळाचं पीठ फटींमध्ये जातं. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते.

आणि ते देखणं मूळ चामड्याचं केस? दुर्बीण त्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि बुरशीला खाऊही घालतं. केस फेकायचं मात्र नाही, विकताना त्याचे पैसे येतात. वेगळं ठेवा.

पुसण्याबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे: शक्यतो पुसूच नका. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ, काचेपेक्षा कठीण. टी-शर्टच्या टोकाने पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. आधी ब्लोअरने हवा, मग मऊ ब्रश, आणि तरीही बोटाचा डाग असेल तरच लेन्सचं द्रव मायक्रोफायबरवर घेऊन हलक्या हाताने. खिडक्या पुसायचं द्रव आणि सॅनिटायझर लांब ठेवा.

घरी उघडायचा मोह टाळा. यूट्यूबवर सोपं दिसतं, पण बंद करताना नळ्या जुळवायला कॉलिमेटर लागतो. मायक्रोस्कोप आणि सर्व्हेची उपकरणं दुरुस्त करणारे जुने लोक मोठ्या शहरांत आहेत. त्यांना पहिला प्रश्न हाच विचारा, 'कॉलिमेटर आहे का?' 'डोळ्याने लावून देतो' असं उत्तर आलं तर दुर्बीण परत पिशवीत.

किंमत कशी ठरवायची

नवीन टॉप मॉडेल आज दोन हजार युरोंच्या पुढे जातं. जुन्या चांगल्या दुर्बिणीचा भाव या आकड्याला लटकलेला आहे, म्हणून तो फोनसारखा कोसळत नाही. मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. 'पी' असलेली स्वच्छ डायालिट युरोपात काही शेकडा युरोंना जाते. येनोप्टेम प्रचंड संख्येने बनल्यामुळे साधारण शंभर युरोंच्या आतच मिळते, आणि तिथे एक पूर्ण सर्व्हिसिंग दुर्बिणीपेक्षा महाग पडू शकतं. म्हणून स्वस्त मॉडेल घ्याल तर निर्दोषच घ्या. दोष असलेलं परवडतं ते महाग मॉडेल, आणि तेही सर्व्हिसिंगचं कोटेशन किमतीतून वजा करून. बाहेरून मागवताना कुरिअर आणि सीमाशुल्क आधीच बेरजेत धरा.

जुन्याच्या मर्यादाही किमतीत धरा. डायालिट साडेतीन मीटरच्या आसपासपेक्षा जवळचं फोकस करत नाही. फुलपाखरं बघणार असाल तर ती तुमच्यासाठी नाही.

विकताना उलट बाजूने हेच करा. चारही भिंगांचे टॉर्च टाकून काढलेले फोटो, आकाशासमोर धरलेल्या प्रकाशाच्या गोलांचा फोटो आणि सीरियल नंबर जाहिरातीत टाका. 'मिंट कंडिशन' लिहिण्यापेक्षा याने जास्त पैसे येतात, कारण जाणकार घेणारा अंदाज करताना नेहमी वाईटच धरतो. विकण्याआधी भिंगं घासून चमकवू नका.

कुरिअरने पाठवणार असाल तर बिजागरी मिटवा आणि चारही बाजूंनी किमान चार बोटं जाडीचं बबल रॅप येईल एवढा मोठा खोका घ्या, कारण एका आपटीत नळ्या हलतात. पाठवण्याआधी आडव्या रेषेची चाचणी करून तसा निरोप घेणाऱ्याला पाठवा, आणि खोका उघडल्याबरोबर त्यालाही तीच चाचणी करायला सांगा.