भ्रमणध्वनी जालांची उत्क्रांती

फिरत्या ग्राहकाला रेडिओ तरंगांच्या साहाय्याने दूरध्वनी यंत्रणेशी जोडणाऱ्या तळकेंद्रांच्या व विनिमय केंद्रांच्या समूहास भ्रमणध्वनी जाल म्हणतात. केवळ संभाषणासाठी उभारण्यात आलेल्या या जालांचे सु. चाळीस वर्षांत अतिजलद माहितीवहनाच्या, म्हणजेच बिनतारी ब्रॉडबँडच्या, साधनात रूपांतर झाले. संदेशवहनाचा वेग वाढत गेला, त्याच्या मुळाशी मर्यादित कंप्रतापट्ट्याची वाटणी कशी करावी, या एका प्रश्नाला वेळोवेळी मिळालेली निरनिराळी उत्तरे आहेत.

कोष्ठरचना : १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस येथे मोटारगाड्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू झाली. अशा सेवेत शहरासाठी एकच शक्तिमान प्रेषक असल्याने एका वाहिनीवर एका वेळी संपूर्ण शहरात एकच संभाषण होऊ शके. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डी. एच. रिंग यांनी यावर उपाय सुचविला. सेवाक्षेत्राचे लहान लहान षट्‌कोनी कोष्ठांत विभाजन करावयाचे, प्रत्येक कोष्ठात कमी शक्तीचे तळकेंद्र ठेवावयाचे आणि एका कोष्ठातील कंप्रता पुरेशा अंतरावरील दुसऱ्या कोष्ठात पुन्हा वापरावयाची, असे तिचे स्वरूप होते. ‘सेल्युलर’ या विशेषणातील सेल म्हणजे हे कोष्ठ होय. ग्राहक एका कोष्ठातून दुसऱ्यात जाताना संभाषण न तुटता पुढील केंद्राकडे सोपविण्यास जलद इलेक्ट्रॉनीय नियंत्रण लागते. ते उपलब्ध होईपर्यंत ही योजना सु. तीन दशके प्रत्यक्षात आली नाही. १९७९ मध्ये टोकिओत, १९८१ मध्ये उत्तर यूरोपात व १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागो येथे व्यापारी सेवा सुरू झाल्या. या पहिल्या पिढीत ध्वनी सदृश स्वरूपात पाठविला जाई.

अंकीय संभाषण : यूरोपातील प्रत्येक देशाची पद्धती वेगळी असल्याने सीमा ओलांडताच हातसंच निरुपयोगी ठरे. समान पद्धती ठरविण्यासाठी १९८२ मध्ये एक अभ्यासगट नेमण्यात आला. त्याच्या कार्यातून जीएसएम ही अंकीय पद्धती निष्पन्न झाली व १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये तिच्यावरून पहिले संभाषण झाले. तिच्यात २०० किलोहर्ट्‌झ रुंदीच्या वाहकाचे आठ कालखंड पाडून ते आळीपाळीने आठ ग्राहकांना दिले जातात. ध्वनीचे अंकांत रूपांतर झाले, तरी वाटणीचे जुने तत्त्व कायम राहिले. संभाषण चालू असेपर्यंत, मग कोणी बोलो वा न बोलो, ग्राहकाचा मार्ग त्याच्यासाठी राखीव असे. माहिती पाठविण्यासाठी हाच मार्ग वापरल्यास सेकंदाला ९.६ किलोबिट एवढाच वेग मिळे. त्या वेगाने एक मेगाबाइटचे छायाचित्र पाठविण्यास सु. चौदा मिनिटे लागतात. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पहिला लघुसंदेश पाठविण्यात आला. लघुसंदेश नियंत्रणसंकेतांच्या मार्गाने जातो व त्यात १४० बाइट मावतात. त्यामुळे रोमन लिपीत १६० अक्षरचिन्हे, तर देवनागरीत ७० चिन्हे एवढीच मर्यादा पडते.

पाकीटपद्धती : वाचकाने पडद्यावर एक पृष्ठ मागविले, तर ते काही क्षणांत येते व नंतर तो ते वाचीत असताना मार्ग मोकळा पडून राहतो. अशा खंडित वापरासाठी राखीव मार्ग हा अपव्यय होय. पॉल बॅरन व डॉनल्ड डेव्हिस यांनी १९६०–७० या दशकात स्वतंत्रपणे मांडलेल्या तत्त्वानुसार माहितीचे तुकडे करून प्रत्येकावर पत्ता घातला, तर अनेकांची पाकिटे एकाच मार्गाने पाठविता येतात. २००० च्या सुमारास जीपीआरएस सेवेने हे तत्त्व जीएसएम जालात आणले. जपानमध्ये पाकीटपद्धतीवर आधारलेली आय-मोड सेवा २२ फेब्रुवारी १९९९ रोजीच सुरू झाली होती. किती वेळ जोडणी राहिली याऐवजी किती माहिती गेली, यावर आकारणी होऊ लागली, ती या बदलामुळेच.

तिसऱ्या पिढीची पहिली व्यापारी सेवा जपानमध्ये १ ऑक्टोबर २००१ रोजी सुरू झाली. तिच्यात ५ मेगॅहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा सर्व ग्राहक एकाच वेळी वापरीत व प्रत्येकाचे संकेत त्याच्या स्वतंत्र सांकेतिक क्रमावरून ओळखले जात. पुढील सुधारणेत कोणाचे पाकीट आधी पाठवावे, याचा निर्णय तळकेंद्र दर दोन सहस्रांश सेकंदांनी घेऊ लागले. ज्या ग्राहकाचा संकेत त्या क्षणी चांगला, त्याला प्राधान्य देता येऊ लागले. चौथी पिढी १४ डिसेंबर २००९ रोजी स्टॉकहोम व ऑस्लो येथे अवतरली. तिच्यात राखीव मार्ग उरलाच नाही. त्यामुळे प्रारंभी संभाषणासाठी हातसंचाला जुन्या जालाकडे परतावे लागे. कालांतराने ध्वनीही पाकिटांतून जाऊ लागला. संभाषण हा माहितीचाच एक प्रकार ठरला.

वेगाची मर्यादा : सी. ई. शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखविल्याप्रमाणे मार्गाची क्षमता पट्ट्याची रुंदी आणि संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर यांवर अवलंबून असते. म्हणून अधिक रुंद पट्टा, अधिक लहान कोष्ठे व एकापेक्षा अधिक आकाशक हेच वेगवृद्धीचे मुख्य मार्ग होत. २०१९ मध्ये दक्षिण कोरिया व अमेरिका येथे सुरू झालेल्या पाचव्या पिढीत २४ गिगॅहर्ट्‌झपलीकडील पट्टेही योजिले आहेत. तथापि हे तरंग भिंतींनी अडत असल्याने मनोरे जवळजवळ उभारावे लागतात. जाहीर केला जाणारा वेग सामान्यतः आदर्श परिस्थितीतील असतो व तो कोष्ठातील सर्व ग्राहकांत विभागला जातो. म्हणूनच गर्दीच्या वेळी प्रत्येकाच्या वाट्याला तो कमी येतो.

भारत : भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील सुखराम यांच्याशी केले. २००३ पर्यंत येणाऱ्या संभाषणाचाही आकार ग्राहकाला द्यावा लागे. तिसऱ्या पिढीची सेवा २००८ च्या अखेरीस दिल्लीत सरकारी कंपनीने प्रथम दिली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओने केवळ चौथ्या पिढीवर आधारलेले जाल खुले केले. पाचव्या पिढीच्या सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला.

रेडिओ तरंग ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये प्रसारणविषयक खटल्यात म्हटले होते. कंप्रतापट्ट्याच्या वाटपातील दोषांमुळे त्याच न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले. वाटणीचा प्रश्न अभियांत्रिकीपुरता मर्यादित नाही, हे यावरून दिसते. नव्या पिढीला पट्टा द्यावयाचा, तर जुनी जाले बंद करावी लागतात. अमेरिकेत २००८ मध्ये पहिल्या पिढीची जाले बंद होऊ लागली, तेव्हा काही मोटारगाड्यांतील आपत्कालीन संपर्कसाधने व घरांतील धोकासूचक यंत्रणा निकामी झाल्या. साधा हातसंच वापरणाऱ्यांच्या हाती पर्यायी साधन येण्यापूर्वी त्यांचे जाल काढून घेतले, तर वेगवृद्धीची किंमत त्यांनाच मोजावी लागते.