जुनं अ‍ॅप नव्या फोनवर का चालत नाही?

जुन्या फोनवर मस्त चालणाऱ्या गेमची एपीके फाईल तुम्ही नव्या फोनमध्ये टाकता आणि मेसेज येतो, 'अ‍ॅप इन्स्टॉल झाले नाही'. फाईल खराब नसते, फोनही नसतो. बऱ्याचदा घोळ प्रोसेसरच्या भाषेचा असतो.

प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक सूचनाच कळतात. मोबाईलच्या चिपची रचना करणाऱ्या आर्म कंपनीने २०११ मध्ये ६४-बिट सूचनांचा नवा संच जाहीर केला. तो जवळपास नव्यानेच रचलेला होता, त्यामुळे पुढची अनेक वर्षं चिपमध्ये ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन्ही भाषा ठेवाव्या लागल्या. अ‍ॅपलने २०१७ मध्ये आयओएस ११ आणताना ३२-बिट अ‍ॅप्स बंदच केली. अँड्रॉइडमध्ये २०२२ चा पिक्सेल ७ हा फक्त ६४-बिट अ‍ॅप्स चालवणारा पहिला फोन. गंमत म्हणजे त्याच्या चिपला जुनी भाषा येत होती! पण ३२-बिटची सोय, वापरा किंवा न वापरा, १५० एमबीपर्यंत रॅम अडवते असं गूगलचं म्हणणं होतं, म्हणून ती सॉफ्टवेअरमधूनच काढली. त्यानंतरच्या कॉर्टेक्स-एक्स४ सारख्या कोअरमध्ये तर ती भाषा मुळातच नाही.

मग मध्ये दुभाषा ठेवता येत नाही का? येतो. २०२० मध्ये मॅक इंटेलकडून अ‍ॅपलच्या एम१ चिपवर गेला, तेव्हा 'रोझेटा २' ने हेच काम केलं. इंटेलसाठी लिहिलेल्या अ‍ॅपचं बहुतेक भाषांतर ते आधीच करून साठवून ठेवतं, म्हणून वेग फारसा कमी होत नाही. पण दुभाषाही कायमचा नसतो. २००६ चा पहिला रोझेटा अ‍ॅपलने २०११ मध्ये काढून टाकला होता. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तर असा दुभाषा मिळतच नाही.

सगळीच जुनी अ‍ॅप्स यात अडकत नाहीत. फक्त जावा किंवा कॉटलिनमध्ये लिहिलेलं अ‍ॅप फोन स्वतःच आपल्या चिपसाठी तयार करून घेतो. अडचण येते ती सी किंवा सी++ चे भाग असलेल्या अ‍ॅप्सची, आणि त्यात गेम्स जास्त. तपासायचं असेल तर एपीकेची कॉपी करा, नावाच्या शेवटी 'झिप' लावून उघडा आणि 'लिब' फोल्डर बघा. तिथे नावात 'आर्म६४' असलेला फोल्डर नसेल, फक्त 'व्ही७ए' वाला असेल, तर अ‍ॅप ३२-बिटच आहे.

गेम गेला तर ठीक आहे, पण जुन्या अ‍ॅपमध्ये डायरी किंवा हिशोब असेल तर फोन एक्स्चेंजला देण्याआधीच तो बाहेर काढा. एक्सपोर्टची सोय नसेल तर सरळ स्क्रीनशॉट घ्या. बॅकअपच्या भरवशावर राहू नका. अ‍ॅपच इन्स्टॉल होत नसेल, तर तो उघडणार कशात?