भवानीची श्रमनिद्रा

मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्यात देवी स्वतःच योगनिद्रा आहे. ती विष्णूच्या नेत्रांतून दूर होते तेव्हाच तो मधुकैटभांशी लढण्यास जागा होतो. तुळजापुरात मात्र भवानीच निजते. शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर अश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. मूर्ती चल असल्याने ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवता येते. श्रमनिद्रेचा पलंग आणि सीमोल्लंघनाची पालखी नगर भागातून येतात. महिषासुराशी झुंजून देवी थकली, अशी भाविकांची श्रद्धा. पुराणाने तिचे सामर्थ्य गायिले, लोकमानसाने तिचे श्रमही जाणले. ही जाण आम्हांस अधिक मोलाची वाटते. कारण नवरात्रात उपाशीपोटी राबणाऱ्या घरच्या स्त्रीच्या विश्रांतीची तिथी आपल्या पंचांगात अजून नाही.